हसू कुणाचे आणि हसे कुणाचे?



नोकरी करणाऱ्या माणसाचा जागेपणीचा बराचसा वेळ घरच्या माणसांत जात नाही, ऑफिसातल्या माणसांत जातो. ही माणसे आपण निवडलेली नसतात. ती ना नात्यातली असतात, ना मोहल्ल्यातली. तरी रोज त्यांच्याबरोबर आपण डबा उघडतो, त्यांचे टोमणे ऐकतो, त्यांच्या मुलांच्या परीक्षांची चौकशी करतो. आपल्याकडच्या बहुतेक मालिकांत मात्र ऑफिस म्हणजे एक काचेची केबिन आणि हातात फाईल. सगळी कारस्थाने घरातल्या दिवाणखान्यातच शिजतात.

या महिन्यात आम्ही जिच्याविषयी लिहिणार आहोत ती मालिका जवळजवळ सगळी ऑफिसातच घडते. तिचे नावही तेच आहे, 'द ऑफिस'. अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर ती २४ मार्च २००५ रोजी सुरू झाली आणि १६ मे २०१३ रोजी संपली. एकूण ९ पर्वे आणि २०१ भाग. घरातली आयटीत, बँकेत किंवा कॉल सेंटरमध्ये काम करणारी मुले-मुली रात्री मोबाइलमध्ये डोके घालून एकटीच हसत असतात, तेव्हा ती पुष्कळदा हीच मालिका पाहत असतात. ती इतकी कशाला हसतात, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीही समजून घ्यायला हवे, असे आम्हाला वाटते.

मूळ मालिका ब्रिटनची. रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट या दोघांनी ती बीबीसीसाठी २००१ मध्ये केली. लंडनजवळच्या स्लाव नावाच्या गावातले एक कागद विकणारे ऑफिस, आणि आपण फार विनोदी आहोत असा ठाम समज असलेला तिथला साहेब. अवघे १२ भाग आणि नाताळचा दोन भागांचा खास कार्यक्रम, एवढ्यावर त्यांनी ती थांबवली. अमेरिकेत ती गेली तेव्हा गाव झाले पेनसिल्व्हेनियातले स्क्रँटन, एकेकाळी कोळशाच्या खाणींसाठी ओळखले जाणारे. कंपनी 'डंडर मिफ्लिन', धंदा तोच, कागदाचा. सगळे जग कागदाकडून संगणकाकडे चाललेले असताना कागद विकणारी माणसे! म्हणजे नोकरी जाण्याची टांगती तलवार पहिल्या भागापासूनच डोक्यावर.

मालिकेची मांडणीही वेगळी आहे. कोणीतरी या ऑफिसावर माहितीपट काढत आहे असे कल्पिले आहे. त्यामुळे पात्रे मधूनच कॅमेऱ्याकडे पाहतात, एकेकटी बसून मनातले सांगतात. मागून हशाचा आवाज सोडलेला नाही. कुठे हसायचे हे आपल्याला कोणी सांगत नाही, ते आपले आपणच ठरवायचे. या मालिकेची खरी गंमत आणि खरी परीक्षाही याच गोष्टीत आहे. कारण इथला साहेब मायकेल स्कॉट (स्टीव्ह कॅरेल या नटाने तो अजरामर केला आहे) दिवसभर इतरांची थट्टा करतो, आणि पाहता पाहता आपल्यापुढे प्रश्न उभा राहतो की आपण हसतो आहोत ते नेमके कुणाला?

तिचे काही गाजलेले भाग घेऊन हेच पाहू.

पहिला भाग 'डायव्हर्सिटी डे'. पहिल्याच पर्वातला, दुसऱ्या क्रमांकाचा. साहेबाने ऑफिसात एका कृष्णवर्णीय विनोदवीराची नक्कल केली, लोकांनी तक्रार केली, म्हणून मुख्य कार्यालयाने एक प्रशिक्षक पाठवला. वेगवेगळ्या वंशांच्या माणसांनी एकमेकांचा मान कसा राखावा हे तो शिकवणार. प्रशिक्षक स्वतः कृष्णवर्णीय आहे आणि त्याचे नाव मिस्टर ब्राऊन. साहेबाला वाटते ही आपली परीक्षाच आहे, म्हणून तो ठणकावून सांगतो की मी तुम्हाला त्या नावाने हाक मारणार नाही! शेवटी प्रशिक्षक त्याला सांगतो की सही सगळ्यांची घेतली, पण मला खरी हवी होती ती तुमची एकट्याची.

साहेब चिडतो आणि स्वतःच वर्ग घ्यायला उभा राहतो. प्रत्येकाच्या कपाळावर एक कार्ड चिकटवतो. कार्डावर वंशाचे किंवा समाजाचे नाव. कार्ड ज्याचे त्याला दिसत नाही, समोरच्याला दिसते. समोरच्याने त्या समाजाविषयी लोक जे बोलतात ते बोलायचे आणि कार्डवाल्याने आपण कोण हे ओळखायचे. कुणालाच हा खेळ खेळायचा नसतो. साहेब आग्रह करतो म्हणून रिसेप्शनवरची पॅम ड्वाइटला कसेबसे सांगते, हे खरे नाही आणि मला मान्यही नाही, पण लोकांच्या समजुतीप्रमाणे तू गाडी नीट चालवत नसशील. ड्वाइटच्या कपाळावर लिहिलेले असते 'आशियाई'. तो हताश होऊन विचारतो, "म्हणजे मी बाई आहे का?" एका पूर्वग्रहाचे उत्तर शोधायला गेला आणि त्याच्या पोटातून दुसराच बाहेर आला!

एवढ्यात केली कपूर खोलीत येते. ती या ऑफिसातली भारतीय वंशाची मुलगी. साहेब तिच्यासमोर किराणा दुकान चालवणाऱ्या भारतीय माणसाची वेडीवाकडी नक्कल सुरू करतो. ती त्याच्या थोबाडीत मारते आणि निघून जाते. त्यावर साहेबाचे म्हणणे असे की आता तिला कळले असेल, अल्पसंख्य असणे म्हणजे काय! जी रोज तेच जगते तिला हा शिकवतो आहे.

ही कार्डे आपल्या वाचकांना परकी नाहीत. नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी नाव सांगितले की पुढचे वाक्य येते, "वा, म्हणजे आता ईदला बिर्याणी पक्की!" बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही वाईट नसते. त्याला ओळख वाढवायची असते, आणि आपणही हसून "जरूर" म्हणतो. पण पाठोपाठ "तुम्ही मराठी किती छान बोलता!" हे आले, की ज्यांच्या सात पिढ्या कोकणात किंवा मराठवाड्यात गेल्या त्यांनी काय उत्तर द्यावे? कपाळावरचे कार्ड आपल्याला दिसत नाही, समोरच्याला दिसते, आणि तो माणसाशी न बोलता कार्डाशी बोलतो. हे इतक्या साध्या खेळातून दाखवणारा दुसरा भाग आम्ही पाहिलेला नाही.

याच केली कपूरचा आणखी एक भाग आहे, 'दिवाली'. तो २ नोव्हेंबर २००६ रोजी दाखवला गेला. तो लिहिला केलीचीच भूमिका करणाऱ्या मिंडी केलिंग यांनी. त्यांची आई बंगाली, वडील तमिळ. या भागात केलीच्या आई-वडिलांची कामे त्यांच्या खऱ्या आई-वडिलांनीच केली आहेत. केली सगळ्या ऑफिसला दिवाळीच्या कार्यक्रमाचे आमंत्रण देते. साहेब बैठक बोलावतो आणि तिला म्हणतो, सांग सगळ्यांना दिवाळी म्हणजे काय. ती गडबडते. फार जुना सण आहे बहुतेक, एवढेच तिला सुचते. मग रामाची कथा सांगतो तो ड्वाइट! प्रेक्षक हसतात. पण त्या मुलीची अडचण पाहा. तिला सण माहीत आहे तो नव्या कपड्यांचा, गोडाधोडाचा, नाचगाण्याचा. तिला मात्र उभे केले आहे ते एका अख्ख्या संस्कृतीची वकील म्हणून. आपल्यातल्या किती मुलामुलींना जेवणाच्या सुट्टीत असेच उभे केले जाते! जगात कुठेही काही घडले की "तुमच्यात असे का असते?" हा प्रश्न हिशेब विभागात बसलेल्या बावीस वर्षांच्या मुलीला विचारला जातो. तिचे काम हिशेब ठेवण्याचे. साऱ्या दुनियेचा जबाब देणे तिच्या नेमणूकपत्रात कुठे लिहिलेले नसते.

आता साहेबाच्या दुसऱ्या खोडीकडे वळू. ती म्हणजे वचने देण्याची. 'हेल्थ केअर' या भागात त्याला कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्यात कपात करायची असते. वाईटपणा नको म्हणून तो ते काम ड्वाइटवर ढकलतो आणि लोकांना म्हणतो, संध्याकाळी तुम्हाला एक मोठी खुशखबर देणार आहे. दिवसभर तो खुशखबर शोधत फिरतो आणि काहीही मिळत नाही. संध्याकाळी सगळे त्याच्यासमोर उभे राहतात आणि तो नुसता गप्प उभा असतो. ती शांतता संपता संपत नाही.

हाच धागा 'स्कॉट्स टॉट्स' या डिसेंबर २००९ मधल्या भागात फार खोल जातो. दहा वर्षांपूर्वी साहेबाने गरीब वस्तीतल्या शाळेत तिसरीच्या एका वर्गाला वचन दिलेले असते की तुम्ही शाळा पूर्ण करा, तुमच्या कॉलेजचा खर्च माझा. आता ती मुले मोठी झाली आहेत. ती त्याच्यासाठी गाणे म्हणतात, नाचतात, वाचनाच्या खोलीला त्याचे नाव देतात. आणि याच्याकडे पैसे नाहीत. तेव्हा त्याला वाटले होते की दहा वर्षांत आपण श्रीमंत होऊ. त्या मुलांसमोर तो ते कबूल करतो आणि लॅपटॉप नव्हे, लॅपटॉपच्या बॅटऱ्या वाटतो. हा भाग अनेकांना पूर्ण पाहवत नाही. परतीच्या वाटेवर ऑफिसातली एरिन त्याला सांगते की मुख्याध्यापकांच्या म्हणण्याप्रमाणे या वर्गातली मुले शाळेतल्या इतरांपेक्षा पुढे गेली. म्हणजे खोट्या वचनानेही काही भले झाले. पण म्हणून वचन खरे ठरत नाही. ज्या मुलाने कॉलेजची फी भरली जाणार म्हणून दुसरी काही सोयच केली नाही, त्याचे काय? जाहीर कार्यक्रमात टाळ्यांच्या गजरात शिष्यवृत्तीची घोषणा करणारे दानशूर आपल्याकडेही कमी नाहीत. घोषणेआधी त्यांना हा भाग एकदा दाखवावा.

थट्टेला मर्यादा कुठली, याचे उत्तर 'स्ट्रेस रिलीफ' या भागात आहे. १ फेब्रुवारी २००९ चा हा भाग. ड्वाइट आगीच्या सरावाच्या नावाखाली खरीच आग लावतो, दारे बंद करून ठेवतो. धावाधाव होते आणि वयस्क स्टॅन्लीला हृदयविकाराचा झटका येतो. तो बरा होऊन परततो, तेव्हा त्याच्याजवळ मनावरचा ताण मोजणारे एक यंत्र असते. ते केव्हा वाजते? साहेब जवळ आला की! साहेब मागे सरकतो, आवाज बंद. पुढे येतो, पुन्हा सुरू. ज्याला वाटत होते की मी ऑफिसचा आनंद आहे, त्याला कळते की मी लोकांचा आजार आहे. मग तो म्हणतो, आज तुम्ही सगळे माझी मनसोक्त थट्टा करा. लोक करतात, आणि इतकी करतात की त्याला ती सोसवत नाही. दुसऱ्या दिवशी तो कामावर येत नाही, बागेत एकटा बसून राहतो. वर्षानुवर्षे दुसऱ्यांना जे दिले ते एका दिवसात त्याच्याच पदरात पडले.

कुणाची टर उडवू नये, कुणाला वाईट नावाने हाक मारू नये, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणीच मिळते. "अम्मी, मी तर नुसती मस्करी करत होतो" हे वाक्यही प्रत्येक घरात ऐकू येते. मस्करी आणि टर यांतला फरक समजावण्यासाठी त्या यंत्राइतके सोपे उदाहरण सापडणार नाही. तुम्ही जवळ आल्यावर समोरच्याची धडधड वाढते का, एवढेच पाहायचे.

तरीही हा साहेब नऊ पर्वांच्या या मालिकेत खलनायक ठरत नाही, याचे कारण 'बिझनेस स्कूल' हा फेब्रुवारी २००७ चा भाग. पॅमला चित्रकलेची हौस आहे. तिच्या चित्रांचे छोटे प्रदर्शन असते आणि ती ऑफिसात सगळ्यांना बोलावते. फारसे कोणी फिरकत नाही. जे येतात त्यांच्यातला एक सहकारी तिच्या मागे उभा राहून चित्रे अगदी सामान्य असल्याचे बोलून जातो. ती ऐकते. भिंतीवरची चित्रे उतरवू लागते. तेवढ्यात धापा टाकत साहेब येतो. तो चित्रांतला जाणकार नाही, पण त्याला मनापासून आवडतात. आपल्या ऑफिसच्या इमारतीचे चित्र पाहून तो हरखून जातो आणि ते विकत मागतो. ते चित्र पुढे ऑफिसच्या भिंतीवर वर्षानुवर्षे राहते, आणि शेवटच्या भागात पॅम ते उतरवून घरी नेते. दिवसभर नको ते बोलणारा माणूस एका संध्याकाळी वेळेवर पोहोचला. हजारो रुपयांच्या भेटवस्तूपेक्षा अशी हजेरी माणसाच्या लक्षात राहते.

मूळ ब्रिटिश मालिकेच्या शेवटीही असाच क्षण आहे. तिथला साहेब डेव्हिड ब्रेंट आपल्या फिंच नावाच्या उर्मट मित्राच्या प्रत्येक घाणेरड्या विनोदाला वर्षानुवर्षे हसत आलेला असतो. नाताळच्या खास भागात फिंच एका बाईविषयी हलके बोलतो आणि ब्रेंट प्रथमच हसत नाही. त्याला सरळ झिडकारतो. सगळी मालिका त्या एका न हसण्याकडे चाललेली होती, असे आम्हाला वाटते.

आपल्याकडे २००१ मध्येच सब टीव्हीवर 'ऑफिस ऑफिस' आली होती, ती पुष्कळांना आठवत असेल. पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल, आणि प्रत्येक नव्या ऑफिसात नव्या रूपात भेटणारी तीच कर्मचारी मंडळी. त्यांत आपल्या मराठीच्या आसावरी जोशीही होत्या. त्या मालिकेत आपण मुसद्दीलालच्या बाजूला, खिडकीच्या बाहेर उभे होतो. पुढे २०१९ मध्ये हॉटस्टारने 'द ऑफिस'ची हिंदी आवृत्ती फरिदाबादमध्ये बसवली. तिच्यात आपण खिडकीच्या आत बसलो आहोत. आपल्या अनेक कुटुंबांचाही हाच प्रवास आहे. ज्यांचे अब्बा दाखल्यासाठी खिडकीपुढे रांगेत उभे राहिले, त्यांची मुलगी आज आत संगणकापुढे बसते. रांगेत कसे उभे राहायचे हे अब्बांना शिकवता आले. आत बसून, साहेबाने केलेल्या विनोदावर हसायचे की नाही, हे त्यांना कसे शिकवता येणार? ते तिथे कधी बसलेच नाहीत.

म्हणून घरात हे बोलणे व्हायला हवे. साहेबाच्या प्रत्येक विनोदावर हसणे नोकरीचा भाग नाही. थोबाडीत मारणे पडद्यावर शोभते, प्रत्यक्षात त्याची गरज नसते. न हसणे, विषय बदलणे, एकांतात "सर, हे मला आवडले नाही" असे सांगणे, आणि तरीही थांबले नाही तर तारखेसह लिहून ठेवणे, हे सगळे करता येते. बायकांविषयीच्या घाणेरड्या बोलण्याबाबत तर कायदाच आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा त्याहून अधिक माणसे काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. लेखी तक्रार साधारणपणे ३ महिन्यांच्या आत द्यावी लागते आणि समितीने ९० दिवसांत चौकशी पूर्ण करायची असते. आपल्या मुलीच्या, सुनेच्या ऑफिसात ही समिती आहे का, तिच्यावर कोण आहे, हे पहिल्या पगाराच्या आनंदातच विचारून ठेवावे.

मालिका घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहण्यासारखी आहे का? नाही. तिच्यात अश्लील बोलणे आहे, शिव्या आहेत, आणि पडद्यावरच्या साहेबाचे कित्येक चाळे खऱ्या ऑफिसात एक दिवसही चालू नयेत असे आहेत. लहान मुलांना ती दाखवू नये. पण नोकरी करणारा मुलगा किंवा मुलगी ती पाहत असेल, तर "काय हे इंग्रजी खूळ" म्हणून दार लावून घेण्यापेक्षा शेजारी बसावे. कार्डांचा भाग लावायला सांगावा. आणि पाहून झाल्यावर विचारावे, "बेटा, तुझ्या कपाळावर तिथे काय लिहिले आहे?" उत्तर कदाचित लगेच मिळणार नाही. चहा येऊ द्यावा, थोडे थांबावे. आणि त्याच बैठकीत हेही विचारावे की ऑफिसात नव्याने आलेल्या, खेड्यातून आलेल्या, वेगळे बोलणाऱ्या मुलाच्या कपाळावर तू स्वतः कोणते कार्ड लावले आहेस.

पुढील अंकात भेटू, इन्शाअल्लाह.